कार्ब क्लीनरचा डबा: स्लोवर बंद पडणाऱ्या गाडीसाठी घ्यावा का?

रेस धरली की गाडी मस्त पळते, पण फाट्यावर थांबून रेस सोडली की फटफट करत बंद पडते. १०० सीसीच्या कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाड्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात त्यावर हमखास हातात येतो तो कार्ब क्लीनरचा स्प्रे. घ्या, वस्तू चांगली आहे. फक्त वरून फवारून भागत नाही.

एअर फिल्टर काढून चालू गाडीच्या कार्बोरेटरच्या तोंडात फवारा मारायची पद्धत सगळीकडे दिसते. त्याने घशातली काजळी निघते, एवढंच. खरा कचरा स्लो जेटमध्ये, म्हणजे रेस सोडल्यावर पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळीत असतो आणि तो जेट कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तिथपर्यंत हा फवारा पोचतच नाही. निम्मा डबा उडतो आणि दोन दिवसांत गाडी पुन्हा तशीच.

विकत घेण्याआधी चोक ओढून बघा. चोकवर गाडी टिकत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. अशा वेळी डबा कामाचा. चोक ओढल्यावर आणखीच गुदमरत असेल तर एअर फिल्टर आणि फ्लोटची (वाटीतल्या तरंग्याची) पेट्रोल अडवणारी सुई बघा. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाड्यांचा फिल्टर धूळ आणि तंतूंनी पार बुजतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

आता काम. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी, मग टाकीही रिकामी करावी लागेल. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त आढळतं.

वाटी उघडून स्लो जेट नीट बसणाऱ्या पेचकसानेच काढा. पितळ मऊ असतं, खाच झिजली की जेट निघत नाही. जेट आभाळाकडे धरून आरपार बघा. उजेडाचा बारीक गोल ठिपका स्पष्ट दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला किंवा काहीच दिसलं नाही तर दोष सापडला. क्लच वायरची तार कधीच घालू नका, पोलादाने भोक मोठं होतं. फवारा मारा, थोडं भिजू द्या, पुन्हा मारा. तरीही ठिपका उमटला नाही तर नवीन जेट टाका.

एअर स्क्रू (स्लोवरचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हळूच आत टेकवून किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. त्याच्यासोबत स्प्रिंग, वायसर आणि इवलंसं रबर निघतं. ते रबर आत राहिलं किंवा हरवलं तर बाकीची मेहनत वाया. डब्याची लाल नळी त्या भोकात लावून दाबा, घशातल्या बारीक छिद्रांतून धार आली की रस्ता मोकळा झाला. फ्लोट आणि सगळी रबरं आधीच बाजूला ठेवा, या द्रवाने रबर फुगतं. टाकीच्या रंगावरही थेंब पडू देऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवाच.

जोडल्यावर गाडी चांगली तापवा. एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून इंजिन सगळ्यात मोकळं आणि एकसारखं वाजेल तिथे ठेवा, मग आयडल स्क्रूने (रेस सोडल्यावरचा वेग ठरवणारा) स्लो सुमारे १४०० आरपीएमवर आणा. नुसता आयडल स्क्रू आवळून गाडी चालू ठेवणं म्हणजे दोष झाकणं.

एवढं करूनही बंद पडते? मग मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीचं रबर तडकलंय का बघा. चालू गाडीवर हाच स्प्रे मारून गळती शोधायची सवय वाईट, तापलेल्या सायलेन्सरजवळ भडका उडतो. साध्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. थंड असताना ठीक आणि तापल्यावरच बंद, असं असेल तर टॅपेट (इंजिनाच्या वॉल्व्हमधली फट) घट्ट असण्याची शक्यता मोठी.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या गाड्यांसाठी हा डबा घेऊ नका. आणि ज्यांच्या घरी कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी तो टिनाच्या शेडमध्ये ठेवू नये. ५० अंशांच्या वर असा डबा फुटू शकतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली तेवढं सहज होतं.