सहा लिटरचा गॅस गीझर: बेळगाव-खानापूर भागात कुणाला परवडतो, कुणाला नाही

गॅस गीझर घ्यायला गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात गेलेलं गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं. खरं तर किंमत गौण आहे. सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा, साधा गीझर चार-सहा हजारांत येतो आणि नीट राखला तर वर्षानुवर्षं चालतो. चार माणसांच्या घरात रोज एकेक बादली गरम पाणी धरलं, तर नुसत्या आंघोळीला वर्षाकाठी सुमारे पाच सिलिंडर लागतात. गीझरचा पैसा एकदाच जातो, सिलिंडरचा जातच राहतो. म्हणून इथे कंपन्यांची तुलना नाही. सगळ्यांच्या आत तीच तांब्याची कॉइल, तोच बर्नर आणि तोच रबरी पडदा असतो. फरक पडतो तो बसवण्यात आणि वापरात.

हिशेब ग्रॅममध्ये करावा. बादली २० लिटरची. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी साधारण १८ अंशांवर असतं, आंघोळीला ४२ पुरे. एवढी उष्णता द्यायला, गीझरची कार्यक्षमता ८० टक्के धरून, सुमारे ५५ ग्रॅम गॅस जळतो. मे महिन्यात पाणी २७ अंशांचं आणि आंघोळ ४० अंशांची, तेव्हा तीच बादली ३० ग्रॅममध्ये होते. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधून थंडीत २६०च्या आसपास आणि उन्हाळ्यात ४७० बादल्या निघाल्या पाहिजेत. यापेक्षा फारच कमी निघत असतील तर गॅस कुठेतरी वाया जातोय. तेच पाणी शेगडीवर पातेल्यात तापवलं तर आच बाजूने निसटते, वाफ उडते, आणि एका बादलीला ८० ते ९० ग्रॅम जातात. शेगडीवर आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या घरात गीझर सरळ एक तृतीयांश गॅस वाचवतो. इथे दुसरा विचार करायचं कारण नाही.

विजेच्या गीझरशी तुलना मात्र इतकी सरळ नाही. दोन्हींचा खर्च कुठे समान होतो ते काढायला सोपा मार्ग आहे: सिलिंडरची किंमत भागिले १५५, कारण एका सिलिंडरइतकं पाणी तापवायला विजेच्या गीझरला साधारण १५५ युनिट लागतात. येणाऱ्या आकड्यापेक्षा तुमच्या विजेच्या युनिटचा दर जास्त असेल तर गॅस स्वस्त, कमी असेल तर वीज. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर उत्तर ५ रुपये ८० पैसे. दर काढताना बिलातला कर आणि अधिभार युनिटमध्ये मिळवायचा. स्थिर आकार मिळवायचा नाही, कारण गीझर असो वा नसो तो भरावाच लागतो. दोन्हीकडचे दर बदलतात, म्हणून आकडे स्वतःच्या बिलावरचे घ्या.

आता आपल्या भागातली खरी गोम. हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या घरगुती ग्राहकांना २०२३ पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती ही फुकट विजेची योजना आहे. लोक म्हणतात ‘२०० युनिट फुकट’, पण ते अर्धसत्य. प्रत्येक घराची मर्यादा वेगळी ठरलेली आहे: २०२२-२३ मधला सरासरी वापर आणि त्यावर थोडी वाढ. त्या मर्यादेच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल अंगावर. विजेच्या गीझरवर चार बादल्या थंडीत रोज सव्वादोन ते अडीच युनिट खातात, महिन्याला ७० च्या आसपास. ज्या घराचा वापर १४०-१५० आहे तिथे विजेचा गीझर लावला की थेट २०० च्या पलीकडे. अशा घराला गॅस गीझर वरच्या सूत्राने महाग दिसला तरी परवडतो, कारण तो संपूर्ण बिल वाचवतो. उलट ज्यांचा गीझर सोडून वापर ६०-७० आहे आणि २०२२-२३ मध्ये विजेचा गीझर आधीच चालू होता, त्यांच्या मर्यादेत तो वापर मोजलेलाच आहे. त्यांनी गॅस गीझरच्या नादी लागू नये. सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला हे गणित लागू नाही. तिकडच्या पाहुण्यांचा सल्ला ऐकून खरेदी करू नका.

घेण्याआधी एक चाचणी करा, फुकटात होते. न्हाणीतला नळ पूर्ण सोडून २० लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळावर बघा. तीन-साडेतीन मिनिटं लागली तर सहा लिटरचा गीझर नीट चालेल. आठ मिनिटांच्या पुढे गेलं तर गीझर पेटणारच नाही, कारण आतला रबरी पडदा पाण्याच्या दाबाने ढकलला गेला तरच ठिणगी पडते. टाकीचं पाणी गीझरपेक्षा निदान दोन-तीन मीटर उंच हवं. खानापूरकडच्या कौलारू घरांत माळ्यावरची टाकी डोक्यापासून मीटरभरच वर असते. तिथे गीझर घेऊन मग दाबाचा पंप बसवायचा म्हणजे एका बचतीसाठी दुसरा खर्च. अशा घराला बंब किंवा दीड हजार वॅटची रॉड बरी. रॉडला एका बादलीला थंडीत २२-२३ मिनिटं लागतात आणि वीज सगळी पाण्यातच जाते. मात्र प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

बंबाबद्दल एवढंच: ज्यांच्याकडे स्वतःच्या रानातलं जळण आणि नारळाच्या सोडण्या आहेत त्यांना बंबापेक्षा स्वस्त काही नाही. जळण विकत घेणाऱ्यांनी तो विचार सोडावा.

गीझर घेताना आयएसआय खूण आणि तिच्याखाली आयएस १५५५८ हा क्रमांक बघा. दहा लिटरच्या मॉडेलच्या मोहात पडू नका. त्याला दाब जास्त लागतो आणि सिलिंडरवर ताण येतो. पडदा, मायक्रोस्विच आणि ठिणगीची पिन हे सुटे भाग त्याच दुकानात मिळतात का ते पैसे देण्याआधी विचारा. कारण बिघडणार ते हेच.

बसवण्याची जागा हा जिवाचा प्रश्न आहे, तिथे काटकसर नाही. गॅस गीझर न्हाणीच्या आत कधीच लावायचा नाही. बंद खोलीत हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. आपल्याला येतो तो वास गळणाऱ्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, धुरातल्या विषाचा नाही. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं ही लक्षणं दिसली की गॅस बंद करून आधी बाहेर पडायचं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात चार महिने खिडक्या लावलेल्या असतात. अशा बंद घरात धोका आणखी वाढतो. गीझर मागच्या पडवीत किंवा धुण्याच्या गॅलरीत, न्हाणीच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, वरून आडोसा आणि दोन बाजू उघड्या अशा जागी लावा. पश्चिमेकडून येणारा झोताचा पाऊस बर्नरवर पडणार नाही एवढं बघा. सिलिंडर उभाच ठेवायचा, खड्ड्यात नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून जमिनीलगत हवा खेळती हवी. नळी नारिंगी, आयएसआय खुणेची, दीड मीटरच्या आत, आणि पाच वर्षांनी बदललेली.

पाण्याच्या बाजूला गरम पाइप सीपीव्हीसीचा घ्या, साधा पांढरा पाइप गरम पाण्याने वाकतो. आणि तो आखूड ठेवा. अर्ध्या इंची पाइपात मीटरला सुमारे १२५ मिली पाणी मावतं. गीझर नळापासून दहा मीटर लांब असेल तर प्रत्येक आंघोळीनंतर सव्वा लिटर तापलेलं पाणी पाइपातच थंड होतं, आणि पुढच्याने ते आधी मोरीत सोडलेलं असतं. चार जणांनी अंतराने आंघोळ केली की रोज पाच लिटर. सगळ्यांनी लागोपाठ आंघोळ उरकली तर हा तोटा एकदाच होतो.

पैसे खरे जातात ते शॉवरमध्ये. मिनिटाला सहा लिटर, आठ मिनिटं, म्हणजे ४८ लिटर. थंडीत १३० ग्रॅम गॅस, बादलीच्या जवळजवळ अडीचपट. घरातला एक मुलगा रोज असा शॉवर घेत असेल तर गीझर बदलून काही होणार नाही.

गीझरवर बहुधा तीन बटणं असतात: गॅसचं, पाण्याचं आणि उन्हाळा-हिवाळ्याचं. पद्धत अशी: आधी पाण्याचं मधोमध ठेवा, गॅस सर्वात कमी करा, नळ सोडा आणि ४०-४२ अंशांपर्यंत गॅस हळूहळू वाढवा. हाताला ऊन लागेल पण चटका बसणार नाही, तिथे थांबा. कढत पाणी काढून त्यात गार मिसळण्याची सवय मोडा. त्याने गॅस थोडाच जास्त जातो, पण कॉइलमध्ये क्षार फार लवकर बसतात. एप्रिल-मेमध्ये बटण उन्हाळ्यावर करायला बहुतेक घरं विसरतात.

गॅस वजनाने मोजा. टांगायचा डिजिटल काटा घ्या. सिलिंडरच्या कड्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं, साधारण १५-१६ किलो. आलेल्या वजनातून ते वजा केलं की उरलेला गॅस. दुसरा सिलिंडर असेल तर तो फक्त गीझरला ठेवा, मग बादलीमागचे ग्रॅम आपोआप कळतात. आणखी एक युक्ती खरोखर पैसे वाचवते. गीझर तासाला किलोभर गॅस ओढतो, सिलिंडर गार पडतो, आणि तळाशी थोडा गॅस उरला की थंडीच्या सकाळी ज्योत मंदावते. लोक सिलिंडर संपला म्हणून परत देतात. तो स्वयंपाकघरात नेऊन छोट्या बर्नरवर लावा, उरलेला गॅस आरामात जळतो. सिलिंडर आडवा करणं किंवा त्यावर गरम पाणी ओतणं हे उद्योग मात्र नकोत. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो.

बिघाडांचं निदान बरंचसं घरीच होतं. ठिणगीचा आवाजच नाही: आधी सेल, मग पाणी आत येतं तिथली जाळी. टाकी धुतल्यावर तीत गाळ अडकतोच. ठिणगी पडते पण पेट घेत नाही: नवीन सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, नळ दोन-तीनदा उघडबंद करा. पेटून लगेच विझतो: ज्योत ओळखणारी पिन काजळलेली आहे, बारीक पॉलिश पेपरने पुसा. भक्कन आवाज करून पेटतो: सेल कमजोर, ठिणगी उशिरा पडते आणि तोवर गॅस साचतो. दोन मोठे सेल चांगल्या प्रतीचे घाला, आणि गीझर बंद राहणार असेल तर काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून कप्पा गंजतो. ज्योत पिवळी: बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं. निळी होईपर्यंत वापरू नका.

पाणी आधीसारखं तापत नाही आणि धारही बारीक झाली, तर कॉइलमध्ये क्षार बसलेत. बोअरच्या पाण्यावर हे लवकर होतं. सिलिंडर आणि पाणी बंद करा, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून कॉइलमध्ये भरा, तासभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुऊन टाका. संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरलं तर तांबं आणि सांधे दोन्ही खाल्ले जातात.

ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांना गॅस गीझर जून ते सप्टेंबरपुरता लागतो, आणि तिथे तो उत्तम जोड आहे. पण सोलरचं तापलेलं पाणी सरळ गीझरमध्ये सोडू नका, पत्रकात तशी मुभा लिहिलेली नसेल तर. वेगळी लाइन आणि वेगळा कॉक ठेवा.

आणि नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली, तर घरगुती दुरुस्ती नाही. पडदा किंवा त्याची दांडी अडकली आहे. पाणी वाहत नसताना कॉइलमधलं पाणी उकळतं. रेग्युलेटर लगेच बंद करायचा, आणि मेकॅनिकने सुटा भाग बदलेपर्यंत तो लावायचाच नाही.