धुराची चाचणी की स्कॅनरवरचे आकडे?

अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँग इकोबूस्ट गाडीवाल्यांना ही कटकट ओळखीची आहे: पेट्रोलच्या वाफा सांभाळणाऱ्या यंत्रणेत बिघाड होऊन चेक इंजिनचा दिवा लागतो, दोषाचा कोड पुसला की जातो आणि थोड्या दिवसांत पुन्हा हजर. टाकीचं झाकण बदलून पाहावं, तर या गाडीला स्क्रूचं वेगळं झाकणच नसतं.

कोड पी ०४५५ (मोठी गळती) किंवा पी ०४५६ असेल तर धुराची चाचणी बरी, म्हणजे यंत्रणेत धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहायचं. ०४५६ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, टॉर्चच्या उजेडात नळीच्या सांध्यातून निघणारी धुराची रेघ मात्र दिसते. दाब १ पीएसआयच्या आतच हवा. आणि व्हेंट व्हॉल्व्ह (यंत्रणेत बाहेरची हवा घेणारी झडप) आधी बंद करा, नाहीतर धूर तिथूनच बाहेर पडतो आणि मेकॅनिक चांगल्या कॅनिस्टरवर (वाफा धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यावर) खापर फोडतो.

पी १४५० आला तर धूर विसरा. इथे वाफ बाहेर गळत नसते, टाकीत नको इतका व्हॅक्यूम साचत असतो. गरम इंजिन आयडलवर ठेवून स्कॅनर पाहा: पर्ज व्हॉल्व्हला (वाफा इंजिनात सोडणाऱ्या झडपेला) ० टक्के कमांड, म्हणजे बंद राहण्याचा हुकूम आहे, तरी टाकीचा दाब उणे सरकतोय? मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. टाकीकडे जाणारी नळी काढून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडाशी बोट धरा, ओढ लागेल. पेट्रोल भरल्यावर लगेच स्टार्ट व्हायला गाडी कुरकुरत असेल, तर संशय पक्का. हाच व्हॉल्व्ह थंड इंजिनावर कधी कधी शहाण्यासारखा वागतो, म्हणून दोष निसटतो.

मी आधी स्कॅनरच लावेन. धुराचे पैसे नंतर, गळतीचा कोड असेल तरच.