टॅम लिनचं मराठी अभिवाचन: पऱ्या अस्सल, राणी जरा पातळ

तिकीट दोनशे रुपये, अवधी पावणेदोन तास, मध्यंतर नाही, चहा शेवटी. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात एका हौशी मंडळाने ‘टॅम लिन’ या जुन्या स्कॉटिश लोकगीतातल्या गोष्टीचं अभिवाचन केलं. जाहिरातीत ‘डार्क फँटसी’ असं मोठ्या अक्षरात होतं, त्यामुळे अर्ध्या खुर्च्या कॉलेजच्या पोरापोरींनी भरल्या होत्या. उरलेल्या आमच्यासारख्यांनी, ज्यांना साडेसहा म्हणजे साडेसहा लागतात. बरोबर साडेसहाला सुरू झालं. पहिला मार्क तिथेच दिला.

मी नाटकांचे आणि गॅदरिंगचे कपडे शिवते. डिसेंबर आला की शाळांकडून परीच्या पंखांच्या ऑर्डरी येतात, त्यामुळे परी म्हटलं की मला आधी नेट, तार आणि चमकी दिसते. इथल्या पऱ्यांना पंख नाहीत. त्या रात्री घोड्यांवरून जातात, आवडलेली माणसं उचलून नेतात आणि दर सात वर्षांनी नरकाला एक जीव भरतात. खंडणी म्हणून.

गोष्ट स्कॉटलंडची. एट्रिक आणि यारो या नद्यांच्या संगमाजवळ कार्टरहॉ नावाचं रान आहे. तिथे जाऊ नका, असं मुलींना बजावलेलं असतं. जॅनेट जाते आणि जाऊन गुलाब तोडते. लगेच टॅम लिन समोर उभा: माझ्या परवानगीशिवाय फूल का तोडलंस? ती म्हणते, हे रान माझं आहे, बाबांनी मला दिलंय. मग जे व्हायचं ते होतं आणि तिला दिवस जातात. दारात दिलेल्या पत्रकात होतं की या गोष्टीचा उल्लेख 1549 सालापासून सापडतो आणि कवी रॉबर्ट बर्न्सने दिलेला पाठ 1796 मध्ये छापला गेला. पत्रक एक पानी, शुद्धलेखन चोख. पुण्यात हेही सांगावं लागतं.

मंडळाने दोन गोष्टी फार चांगल्या केल्या. एक म्हणजे मुलीचं गरोदरपण झाकलं नाही. मूळ गाण्यात ती मूल पाडायची वनस्पती शोधायला पुन्हा त्या रानात जाते. ते तसंच ठेवलं, साध्या आवाजात. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यांदा खाकरले, वाचणारी थांबली नाही. दुसरं, त्यांनी कार्टरहॉ उचलून मुळशीत आणून ठेवलं नाही. हल्ली रूपांतर म्हटलं की वाडा, पिंपळ आणि मावळा घुसडलाच पाहिजे असं काहींना वाटतं. इथे नावं, नद्या, थंडी सगळं तिकडचं होतं, भाषा तेवढी आपली.

तरी मला आसरा, आपल्याकडच्या पाण्यातल्या देवता, आठवल्याच. माझं माहेर साताऱ्याकडचं. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते. आत्या आम्हाला भर दुपारी एकट्याने पाण्यावर जाऊ द्यायची नाही, पहिलटकरणीला तर नाहीच नाही. ओटी भरायची, हिरव्या बांगड्या ठेवायच्या, निमूट परत यायचं. साती आसरा वाईट आहेत असं आत्या कधी म्हणाली नाही. त्यांचा मान त्यांना द्यायचा, एवढंच. टॅम लिनमधली भीतीही याच जातीची आहे. धूर सोडून, किंकाळी वाजवून ती येत नाही. फूल न विचारता तोडलं, टॅम लिनला घोड्यावरून पडताना पऱ्यांच्या राणीने झेलला, म्हणजे आता तो तिचा. नियम आहेत, आणि ते कोणी समजावून सांगत नाही.

म्हणून हॅलोवीनच्या रात्रीचा प्रसंग उत्तम झाला. टॅम लिन जॅनेटला सांगतो: मला पऱ्यांकडून सोडवायचं तर काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्यावरच्याला खाली ओढ. माझ्या एका हातात मोजा असेल, दुसरा उघडा. ते मला तुझ्या मिठीत साप करतील, अस्वल करतील, सिंह करतील, लालबुंद लोखंड करतील, सोडू नकोस. शेवटी निखारा होईन, तेव्हा विहिरीत टाक. इथे दिवे तसेच ठेवले, संगीत बंद केलं. जॅनेट वाचणारीने हिरव्या झग्याचा बोळा मांडीवर घेतला आणि प्रत्येक रूपाबरोबर तो आवळत गेली. लालबुंद लोखंडापाशी तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली तिसऱ्या रांगेतून दिसत होती. पुरुष वाचक गप्प. मग बाजूच्या पाण्याने भरलेल्या पितळी घंगाळात कुणीतरी दगड टाकला. खरं पाणी, खरा आवाज. माझ्या शेजारच्या मुलीने तोवर मांडीवर पेटता ठेवलेला मोबाइल उलटा केला.

आता राणी. या मंडळींना वाटलं की राणी दुष्ट का आहे ते सांगायलाच हवं. म्हणून मध्येच तिचा पूर्वेतिहास: कोण्या माणसाने तिला फसवलं, मग तिने मन कठोर केलं, वगैरे. चांगली वीस मिनिटं. कीबोर्डवर करुण सूर. अहो, कशाला? आसरांनी कधी कुणाला आपली कैफियत सांगितली आहे का? कारण कळलं की राणी आपल्या सोसायटीतली एखादी दुखावलेली बाई होते, आणि तिला कोण घाबरणार? वर शेवटी तिला रडवली. मूळ गाण्यात ती रडत नाही, संतापते. हे आधी कळलं असतं तर तुझे डोळे काढून लाकडाचे बसवले असते, असं म्हणते. एवढं धारदार वाक्य हातात असताना हुंदके कसले देता? राणी वाचणाऱ्या बाईंचा आवाज खर्जातला, सुरेख आहे. त्यांना ते वाक्य मिळायला हवं होतं.

आणि तो झगा. संपूर्ण प्रयोगात कपड्याची वस्तू एकच, तीही गोष्टीतली सर्वात महत्त्वाची, कारण शेवटी उघड्या पडलेल्या टॅम लिनला जॅनेट त्यानेच झाकते. निवडला काय तर क्रेप सॅटिन! दिव्याखाली चमचमतं, खांद्यावरून घसरतं, दोनदा सावरावं लागलं, आणि माइकजवळ गेलं की चुरचुरतं. गोष्ट मेंढरांच्या मुलखातली, ऑक्टोबरअखेरची रात्र. तिथे जड लोकर हवी. कापडगंजात ब्लेझरचं हिरवं कापड सहज मिळतं, अडीच मीटरमध्ये काम होतं. टाकल्यावर ते पडून राहतं, हलत नाही. अभिवाचनानंतर मी त्यांच्या दिग्दर्शिकेला हे सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं, म्हणजे पुढच्या प्रयोगाला काय होतं ते बघू.

दहा वर्षांखालची मुलं नेऊ नका. माझ्या मागच्या एका चिमुरडीला सापापाशीच बाहेर न्यावं लागलं. स्वच्छतागृह जिन्याखाली आहे आणि मध्यंतर नाही, तेव्हा आधीच जाऊन या. डावीकडच्या भिंतीला धरून बसू नका, तिथला पंखा राणीपेक्षा जास्त कुरकुरतो. दोनशे रुपये वसूल आहेत, वीस मिनिटं वजा जाता. चहा मात्र गोड ढाण.