कायमच्या साठवणीसाठी घेतलेली २ टीबीची एसएसडी आणि आतले मेमरी कार्ड

जुने कौटुंबिक फोटो, कागदपत्रांचे स्कॅन आणि मिनी-डीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या) कॅसेटवरून उतरवलेले लग्नसमारंभ एके ठिकाणी राहावेत, म्हणून आम्ही एका ऑनलाइन बाजारातून २ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क, मागवली. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. सणाची सवलत म्हणून ती बाजारभावाच्या निम्म्यावर आणली होती. धातूची डबी हाताला जड लागत होती, संगणकावर जागा पूर्ण दिसत होती आणि सगळा डेटा कॉपी होईपर्यंत एकही त्रुटी दाखवली गेली नाही.

काही महिन्यांनी ती कपाटातून काढली, तेव्हा फायलींची नावे, आकार आणि तारखा जागच्या जागी होत्या. परंतु सुरुवातीचे काही फोल्डर सोडले, तर व्हिडिओ चालेनात आणि फोटोंच्या जागी नुसते राखाडी पट्टे दिसू लागले. डबी उघडल्यावर आत छोट्या सर्किट बोर्डवर गोंदाने चिकटवलेले नखाएवढे मायक्रोएसडी कार्ड आणि वजनासाठी ठेवलेली लोखंडी पट्टी निघाली. कार्ड ६४ जीबीचे होते. तासाभराची एक मिनी-डीव्ही कॅसेट सुमारे १३ जीबी घेते, म्हणजे जेमतेम चार कॅसेटपुरती जागा.

अशा डबीतील कंट्रोलरचे (डेटाची ने-आण सांभाळणाऱ्या चिपचे) फर्मवेअर, म्हणजे तिच्यातच भरलेला प्रोग्रॅम, संगणकाला खोटी क्षमता सांगते आणि खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर टाकून देते किंवा आधीच्या डेटावरच लिहिते. फायलींची यादी मात्र डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असल्यामुळे शाबूत राहते. म्हणूनच ही फसवणूक नेमकी आपल्यासारख्या, डेटा भरून डिस्क कपाटात ठेवणाऱ्या ग्राहकाला गाठते. परत करण्याची मुदत काही दिवसांची असते आणि पाच तारे देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डिस्क तोवर भरलेलीही नसते, हे विक्रेता पुरते ओळखून असतो.

त्यामुळे तपासणी मुदतीच्या आतच आणि पूर्ण क्षमतेची व्हायला हवी. क्विक फॉरमॅट फक्त फायलींची यादी नव्याने मांडते, त्यामुळे ते करून काहीही कळत नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स वा मॅकवर एफ३ ही मोफत साधने रिकामी डिस्क काठोकाठ भरतात व लिहिलेले पुन्हा वाचून पडताळतात. सेकंदाला २५ एमबीच्या वेगाने २ टीबी लिहायलाच २२ तास लागतात. एसएसडी म्हणून विकलेली वस्तू इतकी रखडत असेल, तर निकाल तिथेच लागला म्हणायचा.

आमच्या वेळी विक्रेत्याचे पान गायब झाले होते आणि मुदत संपल्याचे उत्तर मिळाले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, उघडलेल्या डबीचे फोटो आणि चाचणीचा अहवाल जोडून तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे, हा उल्लेख तक्रारीत अवश्य करावा. कॅसेट पुन्हा उतरवता येतील. फोनमधून हलवलेले फोटो मात्र गेले.

अस्सल एसएसडीसुद्धा वर्षानुवर्षे विजेविना ठेवण्याची वस्तू नव्हे, कारण तिच्या चिपमधील सूक्ष्म पेशींत डेटा धरून ठेवणारा विद्युतभार हळूहळू गळतो. आता आम्ही अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या दोन साध्या हार्ड डिस्क वेगवेगळ्या घरांत ठेवतो. त्या घेतानाही अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर पडताळला, कारण २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास वापरलेल्या डिस्क, वापराची नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्याचे उघड झाले होते.