नाइट गार्ड: दात वाचले, दात खाणं चालूच

पावसाळा लागताना दातांचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, करून घेतला, आता इंदूरच्या सराफा बाजारात थंडीतले गराडू आले. एवढं वापरून सांगतो: दात वाचतात, पण झोपेत दात खाणं काही थांबत नाही. गार्ड ते थांबवायला नसतोच, हे घेण्याआधीच माहीत असलेलं बरं.

आमच्या आजीचं निदान ठरलेलं: दात खातोय म्हणजे पोटात जंत. इंदूरच्या मराठी घरांत अजूनही हेच ऐकू येतं. डेंटिस्टने मात्र जंतांचं नावही काढलं नाही. ताण किती, झोप मध्येच चाळवते का, रात्री उशिरा चहा-कॉफी, तंबाखू, दारू, नैराश्यावरची गोळी चालू आहे का, हेच विचारलं. नंतर बायकोला विचारलं, ‘हे घोरतात का?’ झोपेत श्वास अडकणाऱ्यांमध्येही दात खाणं दिसतं म्हणे. त्याची तपासणी वेगळी. गार्डने श्वास मोकळा होत नाही.

माझे सुळे टोकाला सपाट झालेत, एका दाढेतलं जुनं सिमेंट तडकलं होतं. सकाळी कानशिलं ठणकायची, जबडा आखडायचा, इथल्या छप्पन दुकानवर थंड शिकंजी प्यायली की दात शिवशिवायचे. ठणका आता बराच कमी आहे. शिवशिवणं तेवढं कमी झालं नाही, कारण झिजलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही.

गार्ड माप घेऊन केलेला, कडक अ‍ॅक्रिलिकचा, वरच्या दातांवर बसणारा. पहिले काही दिवस तोंडात लाळ सुटायची. आता उजेडात धरला की उजव्या दाढेच्या जागी धुरकट चट्टा दिसतो, नख फिरवलं तर खाच लागते. ती खाच दाढेवर पडली असती. तिथेच पैसे वसूल. मेडिकलवर गरम पाण्यात मऊ करून चावायचा स्वस्त गार्ड मिळतो. धाकट्या भावाने तो घेतला आणि रात्रभर च्युइंगमसारखा चघळत बसला. सगळ्यांचं तसं होत नाही, पण होतं.

खरा फरक पडला तो दिवसा. कॉम्प्युटरसमोर हिशेब जुळत नसला की माझे दात घट्ट आवळलेले असतात. आता स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी आहे: ओठ मिटलेले, दात सुटे. ऑफिसातले हसतात, हसू देत.

धुवायला साधं गार पाणी आणि मऊ ब्रश. कढत पाण्यात आकार बिघडतो, टूथपेस्टने चरे पडतात. डबी भोकं असलेलीच घ्या, बंद डबीत वास धरतो.