ऑटोहॉटकी की पायऑटोजीयूआय? क्लिक आणि टायपिंग स्क्रिप्टवर सोपवण्याआधी

तोच फॉर्म, तीच चार बटणं, दिवसातून शंभर वेळा. कंटाळून हे काम आपोआप करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायला बसलं की बहुधा ही दोन नावं समोर येतात: ऑटोहॉटकी ही विंडोजवरची स्क्रिप्ट-भाषा आणि पायऑटोजीयूआय हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वापरायचं तयार साधन. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत. निवडण्याआधी एकच बघा: क्लिक नेमका कुठे करायचा, हे स्क्रिप्टला कसं कळणार?

सोपा मार्ग आकड्यांचा: डावीकडून ६४०, वरून ४१२ पिक्सेलवर क्लिक. पण खिडकी जरा सरकली किंवा डिस्प्लेचं स्केलिंग १०० वरून १२५ टक्के झालं, की नेम चुकतो. माझी अशी एक स्क्रिप्ट चालू असताना मध्येच एक सूचना उघडली आणि पुढच्या सगळ्या नोंदी भलत्याच खिडकीत टाइप झाल्या. त्या निस्तरण्यात अख्खी दुपार गेली. आता महत्त्वाचं काम मी नुसत्या आकड्यांवर सोडत नाही.

म्हणूनच विंडोजवर माझं मत ऑटोहॉटकीला. त्यातली कंट्रोलक्लिक ही आज्ञा थेट बटणालाच क्लिक पाठवते. माउसचा बाण जागचा हलत नाही, तुमचं दुसरं काम चालू राहतं. ब्राउझरमधल्या बटणांवर मात्र ती सहसा चालत नाही. शिवाय सेंड आज्ञा देवनागरी सरळ टाइप करते. पायऑटोजीयूआयला ‘पत्ता’ लिहायला सांगा, काहीच उमटत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. मजकूर क्लिपबोर्डवर ठेवून कंट्रोल-व्ही दाबून घ्यावं लागतं. ऑटोहॉटकी शिकायचं तर थेट दुसरी आवृत्ती घ्या. पहिल्या आवृत्तीच्या जुन्या स्क्रिप्ट तिच्यात जशाच्या तशा चालत नाहीत.

पायथन येत असेल, एक्सेलमधली माहिती वाचून भरायची असेल किंवा मॅकवर काम असेल, तर पायऑटोजीयूआयच घ्या. ते बटणाचं चित्र पडद्यावर शोधतं. थीम बदलली की चित्रही नव्याने काढावं लागतं. मॅकवर आधी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची. लिनक्सवर वेलँड ही पडदा हाताळणारी प्रणाली असेल तर याच्या नादी लागू नका.

कोड लिहायचाच नसेल तर विंडोज १० आणि ११ वर पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप आहे. तुम्ही करून दाखवा, ते बटणं ओळखून नोंद करतं.

काहीही घेतलंत तरी पहिल्या चाचणीआधी थांबवायची सोय करा. पायऑटोजीयूआयमध्ये माउस पडद्याच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते. ऑटोहॉटकीत थांबवायची कळ तुम्हालाच ठरवावी लागते. स्क्रिप्टची पहिली ओळ तीच लिहा.