मार लागल्यावर लढत सोडावी का? कुठे लागलंय ते आधी बघा

परवा नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बॉक्सिंग हॉलबाहेर एका मुलीच्या आईनं मला गाठलं. पोरगी पंधरा वर्षांची, पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जिल्हास्पर्धेत उतरणार. "दादा, लागलं तर सोडून दे म्हणू, की काही झालं तरी लढ म्हणू? तिचे पप्पा म्हणतात, मैदान सोडायची सवय एकदा लागली की सुटत नाही." मी ओल्या हँडरॅपचं, म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्टीचं, भेंडोळं वळत उभा होतो. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून काढतोय.

पप्पांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याच जिल्ह्यातला, चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ २०१८च्या एशियाडमध्ये आजारी अंगानं एकेरीची अंतिम शर्यत वल्हवत राहिला. सहावा आला, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत सुवर्ण जिंकलं. पण नौकेत समोर बसून कुणी तुमच्या कानशिलावर ठोसे मारत नसतं.

दम संपला, समोरचा भारी पडला, लाज वाटली म्हणून सोडणं हा विषयच वेगळा. १९८०मध्ये पनामाचा बॉक्सर रोबेर्तो दुरान अमेरिकेच्या शुगर रे लिओनार्डसमोर आठव्या फेरीत हात झटकून वळला, लढत सोडली, ते लोक अजून काढतात. पोटात गोळे आले होते असं तो म्हणाला. मला काही ते पटलेलं नाही.

दुखापतीत मात्र मी एकच बघतो: ती कळते कुणाला?

हाताचं, खांद्याचं फक्त लढणाऱ्याला कळतं, आणि खरी ओढाताण इथेच असते. माझ्या डाव्या अंगठ्यात दुसऱ्या फेरीत कट्कन झालं. फेरी संपल्यावर रिंगच्या कोपऱ्यात सरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तेव्हा मी तो ग्लोव्ह मांडीमागे सरकवला. तिसरी फेरी एका हातानं रेटली आणि गुणांवर हरलो. ग्लोव्ह उतरवला तर अंगठा वांग्यासारखा! प्लास्टरमध्ये त्या वर्षीची राज्य निवड चाचणी गेली. आठ-दहा सेकंद उरले असतील तर रेटावं, याला माझी ना नाही. अख्खी फेरी बाकी असेल तर सांगून टाकावं.

डोळ्याचंही तिलाच कळणार. एकाचे दोन दिसायला लागले तर बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही, आणि येणारा ठोसा नेमका कुठून येतोय ते तिलाही कळत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये जो जॉइसविरुद्ध दहाव्या फेरीत ब्रिटिश बॉक्सर डॅनियल दुबॉइसनं गुडघा टेकून लढत सोडली. डाव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. जुन्या बॉक्सरांनीच त्याला भित्रा ठरवलं. त्याच दुबॉइसनं सप्टेंबर २०२४मध्ये वेम्बलीत अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं. इथे 'लढ' म्हणणाऱ्यांशी मी वादही घालत नाही.

रक्त सगळ्यांना दिसतं, गॅलरीतून आरडाओरडाही त्यालाच होतो. पण बहुतेक जखमांचं डॉक्टर बघून घेतात. आपला बॉक्सर सतीश कुमार टोकियो ऑलिंपिकमध्ये तेरा टाके घालून उझबेकिस्तानच्या जलोलोवसमोर उभा राहिला. हरला, पण त्यात वेडेपणा नव्हता.

डोक्याचं सगळ्यात वाईट, कारण ते लढणाऱ्याला स्वतःलाच कळत नाही. २०१९मध्ये अकराव्या फेरीनंतर रशियन बॉक्सर मक्सिम दादाशेवला त्याचे प्रशिक्षक बडी मॅकगर्ट थांबायला विनवत होते आणि तो मान हलवून नकार देत होता. शेवटी त्यांनीच लढत थांबवली. चार दिवसांनी तो गेला. म्हणजे 'तुला वाटलं तर सोड' हा सल्ला इथे कुचकामी. डोक्याच्या मारानं लढत थांबली तर हौशी बॉक्सिंगमध्ये किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती असते, ती उगाच नाही.

राहिलं लोकांचं. २०००मध्ये बर्लिनला युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर व्हिटाली क्लिच्को गुणांवर पुढे असताना खांदा फाटला म्हणून नवव्या फेरीनंतर स्टुलावरून उठला नाही. अमेरिकेत त्याला पळपुटा म्हणाले. २००३मध्ये लॉस एंजेलिसला लेनॉक्स लुईसविरुद्ध तो पुन्हा गुणांवर पुढे होता, भुवई फाटली आणि डॉक्टरनं सहा फेऱ्यांनंतर थांबवलं. यावेळी हरूनही टाळ्या त्यालाच. निर्णय त्याचा नव्हता, एवढाच फरक. असल्या टाळ्यांसाठी पोरीचा डोळा पणाला लावायचा का, हे पप्पांनाच विचारा.

तर ताई, पोरीला सांगा: हात, खांदा, डोळा यांतलं काही बिघडलं तर हात वर कर, घरी कुणी बोलणार नाही. हे पप्पांच्या तोंडून आलं तर जास्त बरं. डोक्याचं तिच्यावर सोडू नका, ते कोपऱ्यातल्या माणसाचं काम. तिच्या सरांना एकदा सरळ विचारा, लढत थांबवायला रिंगमध्ये टॉवेल शेवटचा कधी टाकला होता? हसण्यावारी नेलं, तर जिल्हास्पर्धा पुढच्या वर्षीही आहे.